मेल सर्व्हरच्या कोटेशनमधली नावं आणि त्यांचा अर्थ

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात साठ-सत्तर माणसांची कंपनी असली, की वर्षातून एकदा मेलबॉक्सच्या भाड्याचं बिल मालकांच्या टेबलावर येतं. आणि प्रश्न ठरलेला असतो : "माणशी एवढे पैसे? आपला स्वतःचा सर्व्हर टाकला तर?" मग दोन-तीन कोटेशनं मागवली जातात. एकात मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज असतं, दुसऱ्यात एमडेमन, तिसऱ्यात नुसतंच "लिनक्स मेल सर्व्हर, ओपन सोर्स". आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि तिघांचंही म्हणणं एकच, की आमच्यात सगळं येतं.

या कोटेशनांची तुलना करता येत नाही याचं कारण साधं आहे. मेल सर्व्हर नावाची एक वस्तू नसतेच. ते तीन-चार वेगवेगळ्या कामांचं मिळून एक नाव आहे, आणि प्रत्येक विक्रेता त्यातली वेगळी कामं मोजत असतो.

पहिलं काम वाहतुकीचं. तुमचा मेल समोरच्याच्या सर्व्हरपर्यंत पोचवणं आणि बाहेरून आलेला मेल दारात उतरवून घेणं. हे काम एसएमटीपी नावाच्या नियमांनी चालतं. ते नियम १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिले आणि त्यांचा गाभा आजही तोच आहे. पोस्टफिक्स, एक्झिम, सेंडमेल ही या कामाची सॉफ्टवेअरं. दुसरं काम आलेले मेल जपून ठेवण्याचं आणि पासवर्ड बघून ते मालकाच्या आउटलुकला किंवा मोबाइलला दाखवण्याचं. त्याचे नियम आयमॅप आणि पॉप, आणि सॉफ्टवेअर डोव्हकॉट किंवा सायरस. तुर्भ्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाड्या भरून गावोगाव पाठवणारा माणूस वेगळा आणि गोदामातला माल पावती बघून गिऱ्हाइकाच्या हाती देणारा वेगळा असतो, तशीच ही विभागणी. तिसरं काम चाळणीचं, म्हणजे स्पॅम आणि व्हायरस बाजूला काढणं. चौथं, ब्राउझरमधून मेल बघायचं पान, म्हणजे वेबमेल, आणि त्याच्या जोडीला कॅलेंडर, सामाईक पत्तावही वगैरे.

त्यामुळे "पोस्टफिक्स चांगलं की डोव्हकॉट?" हा प्रश्नच उभा राहत नाही. ती दोघं एकाच मशीनवर शेजारी बसून काम करतात. "पोस्टफिक्स की एक्सचेंज?" हाही अर्धवट प्रश्न आहे. पोस्टफिक्स फक्त पहिलं काम करतं, एक्सचेंज चारही कामं एकाच खोक्यात भरून देतं. खरी निवड अशी : सुटे भाग घेऊन जोडायचे, की बांधलेला संच घ्यायचा?

वाहतूकवाले

सुट्या भागांत सर्वांत जुनं घराणं सेंडमेलचं. एरिक ऑलमन यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ते लिहिलं आणि १९८३ साली ते बीएसडी युनिक्स या तिथल्याच ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर बाहेर पडलं. तेव्हा इंटरनेट एकसंध नव्हतं. वेगवेगळ्या नेटवर्कांचे पत्ते लिहायच्या तऱ्हा वेगळ्या होत्या आणि सेंडमेलला एका तऱ्हेचा पत्ता दुसऱ्या तऱ्हेत बदलता यायचा. त्यासाठी त्याची सेटिंगची फाइल इतकी गूढ झाली, की पुढे ती फाइल तयार करायलाच एक वेगळी भाषा वापरावी लागली. आज तसे पत्ते उरले नाहीत, गूढपणा मात्र उरला. शिवाय सगळं काम सर्वाधिकार असलेला एकच मोठा प्रोग्राम करायचा, म्हणजे त्यात एक भोक सापडलं की अख्खं मशीन हातातून गेलं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या मॉरिस वर्म या मशीनमागून मशीनमध्ये आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने आत शिरायला जे रस्ते वापरले, त्यात सेंडमेलची चाचणीसाठी ठेवलेली एक सोयही होती. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सेंडमेल घेण्याचं एकही कारण मला दिसत नाही. जुन्या मशीनवर चालू असेल तर सवडीने बदलावं.

सेंडमेलला कंटाळून तीन माणसांनी तीन वेगळ्या वाटा काढल्या, आणि सगळ्या नव्वदच्या दशकात.

डॅनियल बर्नस्टीन या गणितज्ञाने १९९५च्या सुमारास क्यूमेल लिहायला घेतलं. सुरक्षिततेबद्दल त्याचा इतका हट्ट, की भोक दाखवणाऱ्याला १९९७ साली त्याने ५०० डॉलरचं बक्षीस लावलं. क्यूमेल लहान आणि वेगवान होतं आणि त्याने काम छोट्या छोट्या प्रोग्राममध्ये वाटलं होतं. मेलडिर ही साठवणुकीची पद्धतही त्याचीच देणगी : प्रत्येक मेलची वेगळी फाइल, त्यामुळे एक बिघडली तर बाकीच्या शाबूत. पण १९९८ च्या १.०३ आवृत्तीनंतर लेखकाने त्याला हात लावला नाही आणि बदल केलेली प्रत वाटायलाही २००७ पर्यंत परवानगी नव्हती. मग लोक ठिगळांवर ठिगळं लावत बसले. मूळ क्यूमेल आधी मेल घेतं आणि मग बघतं की असा माणूस आपल्याकडे आहे का. नसेल तर परतीचा मेल पाठवतं. स्पॅमवाले पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहितात, त्यामुळे ही परत पाठवलेली पत्रं भलत्याच निरपराध माणसाच्या डोक्यावर पडतात. कोटेशनमध्ये क्यूमेल दिसलं तर ते लिहिणाऱ्याचं शिक्षण कुठल्या दशकात थांबलं हे कळतं.

दुसरी वाट केंब्रिज विद्यापीठातल्या फिलिप हेझल यांची. १९९५ साली त्यांनी आपल्या विद्यापीठापुरतं एक्झिम लिहिलं. त्याचं बळ लवचीकपणात आहे. "अमक्या विभागातून तमक्या डोमेनला जाणारा मेल, त्यात अमुक शब्द असेल तर, साहेबांनाही एक प्रत जाऊ दे" असले नियम एक्झिममध्ये थेट लिहिता येतात. म्हणूनच होस्टिंगवाल्यांना ते आवडतं. सीपॅनेल हे वेबसाइट सांभाळायचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या सर्व्हरांवर मेलची वाहतूक एक्झिमच करतं, म्हणजे ठाण्यातल्या एखाद्या वेब डिझायनरने वेबसाइटबरोबर "मेल फ्री" दिला असेल, तर बहुधा तुम्ही नकळत एक्झिमच वापरताय. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराचंही ते मूळचं मेलवाहक. उणं एवढंच, की रचना सेंडमेलसारखीच एकसंध आहे. २०१९ साली ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांत अशी चूक सापडली, की बाहेरच्या माणसाला मुद्दाम रचलेला पत्ता पाठवून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. २०२१ मध्ये आणखी एकवीस दोष एकदम जाहीर झाले. दुरुस्त्या वेळेवर आल्या, पण त्या वेळेवर बसवणारं कोणी असावं लागतं. डिलिव्हरी अडकून रांग फार लांबली की एक्झिम दमतं, हेही खरं.

तिसरी वाट वीत्से वेनेमा या डच संशोधकाची. आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना त्यांनी लिहिलेलं पोस्टफिक्स डिसेंबर १९९८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. इथे जरा थांबू, कारण तुमच्या लिनक्सवाल्या कोटेशनमध्ये नव्वद टक्के वेळा हेच असणार.

पोस्टफिक्समध्ये एकच मोठा प्रोग्राम नाही. बाहेरून मेल घेणारा एक, त्याचे मथळे नीटनेटके करणारा दुसरा, रांग सांभाळणारा तिसरा, पुढे पाठवणारा चौथा, असे डझनभर लहान प्रोग्राम असतात आणि त्यांच्यावर एक मुकादम. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच अधिकार. इंटरनेटकडे तोंड करून बसलेला प्रोग्राम फुटला तरी त्याच्या हाती तिजोरीची किल्ली नसते. क्यूमेलनेही हेच केलं होतं, पण वेनेमांनी दोन गोष्टी जास्त केल्या. सेंडमेलच्या जुन्या आज्ञा तशाच चालतील असं बघितलं, म्हणून बदल करणाऱ्याला काही तोडावं लागलं नाही. आणि सेटिंगची फाइल माणसाला वाचता येईल अशी ठेवली : डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे त्याचं मूल्य. मूळ सेटिंग इतकी सावध आहेत, की तुम्ही काहीच न करता तुमचा सर्व्हर जगभरच्या स्पॅमवाल्यांसाठी खुला होत नाही. त्यात शेकडो सेटिंग आहेत, पण एका आज्ञेत फक्त तुम्ही बदललेली तेवढी छापून मिळतात. कोणी जुना माणूस नोकरी सोडून गेल्यावर नवा माणूस ही यादी बघून तासाभरात मार्गी लागतो. माझ्या लेखी पोस्टफिक्सचा सर्वांत मोठा गुण हा आहे, वेग नव्हे. साठ माणसांच्या ऑफिसात वेगाचा प्रश्न कुठल्याच सॉफ्टवेअरला येत नाही.

त्याच्या सावध मूळ सेटिंगांचा एक चटका मात्र सांगून ठेवतो. एका मेलची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट असते, म्हणजे साधारण १० एमबी. मेलमधून जाणारी फाइल अक्षरांत बदलून पाठवली जाते आणि तशी ती एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे प्रत्यक्षात साडेसात एमबीच्या पुढची ड्रॉइंगची फाइल अडते. फॅब्रिकेशनवाल्या कंपनीत पहिल्याच दिवशी याची तक्रार येते आणि सगळे म्हणतात, "जुन्यावर चालत होतं." एका ओळीचा बदल आहे, आधीच करून घ्यावा. जीमेल २५ एमबीपर्यंत पाठवू देतं, तेवढी तरी ठेवावी.

चौथं नाव क्वचित दिसतं, ओपनएसएमटीपीडी. ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या मंडळींचं. त्याची सेटिंग वाचायला सर्वांत सोपी. पण सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या या घरातही २०२० च्या जानेवारीत मोठं भोक सापडलं होतं.

साठवण आणि चाळणी

इथे फारसा खल करायची गरज नाही. साठवणुकीसाठी डोव्हकॉट घ्या. फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांनी २००२ साली ते बाहेर काढलं आणि आज आयमॅप म्हटलं की बहुतेक ठिकाणी तेच. सायरस हे कार्नेगी मेलन विद्यापीठाचं, प्रचंड मोठ्या संस्थांसाठी उत्तम, पण मेल स्वतःच्या खास रचनेत ठेवतं आणि त्याचा जाणकार आपल्याकडे शोधावा लागतो. डोव्हकॉटबाबत एकच सावधगिरी. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीत सेटिंगची मांडणी बदलली आहे. जुनी फाइल तशीच उचलून टाकली तर सर्व्हर उठतच नाही, आणि इंटरनेटवरचे बहुतेक धडे जुन्या २.३ चे आहेत. डेबियन १३ वर २.४ येतं. "यूट्यूबवर बघून करतो" म्हणणाऱ्याला आवृत्ती कोणती ते आधी विचारा.

चाळणीसाठी पूर्वी स्पॅमअसॅसिन असायचं, अजूनही चालतं. नव्या मांडणीत आरस्पॅमडी घ्यावं. ते वेगवान आहे आणि बाहेर जाणाऱ्या मेलवर सही करायचं कामही तेच करतं. त्या सहीबद्दल पुढे.

बांधलेले संच

सुटे भाग जोडायला जाणकार हात लागतो. तो नसेल तर संच.

सर्वांत मोठं नाव मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज, १९९६ पासूनचं. आउटलुक, कॅलेंडर, मीटिंगची खोली बुक करणं, साहेबांच्या सेक्रेटरीला त्यांचा मेलबॉक्स उघडायची मुभा, या गोष्टी त्याच्याइतक्या नीट दुसरीकडे जमत नाहीत. पण त्याचा पसारा लहान कंपनीला झेपणारा नाही. एक्सचेंज २०१९ साठी मायक्रोसॉफ्टची स्वतःची शिफारस १२८ जीबी रॅमची होती, आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे माणसांची खाती आणि पासवर्ड सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा, पाहिजे ती वेगळीच. मार्च २०२१ मध्ये त्यातल्या दोषांतून जगभरचे हजारो सर्व्हर फोडले गेले. २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता स्वतःच्या मशीनवर घ्यायचं तर सबस्क्रिप्शन एडिशन, म्हणजे सतत पैसे भरत राहायचे. भाडं टाळायला निघालेल्या मालकांना हे सांगितलं की खोलीत शांतता पसरते. कोणी "एक्सचेंज २०१९, लाइफटाइम लायसन्स" स्वस्तात देत असेल तर ते का स्वस्त आहे हे लक्षात आलं असेलच.

विंडोजवरच राहायचं असेल तर एमडेमन. आपल्या औद्योगिक पट्ट्यांत ते पुष्कळ वर्षं चालत आलंय. माउसने चालवता येतं, मध्यम ऑफिसला पुरतं, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. एचमेलसर्व्हर हे फुकटातलं विंडोजवालं सॉफ्टवेअर एकेकाळी लाडकं होतं, पण त्याचा विकास थांबलाय. आधार संपलेलं सॉफ्टवेअर इंटरनेटकडे तोंड करून ठेवू नये, मग ते कितीही गुणी असो.

झिंब्रा या लिनक्सवरच्या संचाची गोष्ट जरा रुखरुख लावणारी. मोफत आवृत्तीमुळे ते आपल्याकडे कॉलेजांत आणि कंपन्यांत भरपूर बसलं. पण नवव्या आवृत्तीपासून मोफतवाल्यांना तयार पॅकेज मिळणं बंद झालं, फक्त मूळ कोड मिळतो, आणि ८.८.१५ चा आधार २०२३ अखेर संपला. अनेक ठिकाणी ते तसंच चालू आहे, कारण चालू आहे. नव्याने घेणार असाल तर पैसे भरून घ्या, नाहीतर दुसरीकडे बघा.

दुसरीकडे म्हणजे कुठे? पोस्टफिक्स, डोव्हकॉट, स्पॅमची चाळणी आणि वेबमेल हे सगळं आधीच जोडून देणारे मोफत संच आहेत. मेलकाउ हे त्यातलं मला सर्वांत पटलेलं. डॉकरवर, म्हणजे प्रोग्राम आपापल्या बंद डब्यांत चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं, सोगो नावाचं कॅलेंडरसकट वेबमेल देतं, आणि मेलबॉक्स उघडणं-बंद करणं अकाउंटंटलाही जमेल असं पान देतं. किमान ६ जीबी रॅम मागतं. आयरेडमेल हा दुसरा पर्याय, साध्या लिनक्सवर एक स्क्रिप्ट चालवली की भाग जोडले जातात, मात्र चांगलं व्यवस्थापनाचं पान हवं तर पैसे मोजावे लागतात. मेल-इन-अ-बॉक्स आणखी सोपं आहे, पण त्याला अख्खं मशीन आणि जमल्यास तुमचं डीएनएसही, म्हणजे डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणारी नोंदवहीही, स्वतःकडे हवी असते. त्याच्या मनाविरुद्ध एखादं सेटिंग बदलायला गेलात तर पुढच्या अपडेटला ते पुसलं जातं. स्टॉलवर्ट हे नव्या पिढीचं, रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं. वाहतूक, साठवण आणि चाळणी एकाच प्रोग्राममध्ये. कागदावर सुरेख दिसतं आणि मी त्याकडे लक्ष ठेवून आहे. पण रात्री अडलं तर ठाण्यात फोन करून बोलावता येईल असा माणूस पोस्टफिक्सचा मिळतो, स्टॉलवर्टचा मिळायला अजून वेळ लागेल.

स्टॉलवर्ट सोडून बाकीच्या या संचांचा फायदा एक आणखी आहे जो विक्रेते सांगत नाहीत. आतमध्ये तेच ओळखीचे भाग असल्यामुळे संच मोडून वेगळं व्हायचं ठरलं तरी मेल आयमॅपने बाहेर काढता येतात. ते अडकून पडत नाहीत.

जिथे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही

आता खरा कठीण भाग. मेल घेणं सोपं आहे. पाठवलेला मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडणं कठीण. आणि ते पोस्टफिक्स घेतलंत की एक्सचेंज, यावर जवळपास अवलंबून नसतं.

समोरचा सर्व्हर आधी बघतो की हा मेल कुठल्या आयपी पत्त्यावरून आला. घोडबंदर रोडच्या साध्या ब्रॉडबँडवर सर्व्हर ठेवलात तर तो पत्ता बदलता असतो, आणि असे घरगुती, बदलते पत्ते स्पॅमहाउस ही संस्था मुळातच एका यादीत टाकून ठेवते. ती यादी वापरणारे सर्व्हर तुमचा मेल दारातूनच परत लावतात. म्हणून स्थिर पत्ता हवा. मग त्या पत्त्यावरून उलट शोधलं तर तुमच्या सर्व्हरचं नाव निघालं पाहिजे. याला पीटीआर नोंद म्हणतात. ती तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये मिळत नाही, ज्याचा पत्ता आहे त्या इंटरनेट कंपनीनेच ती घालायची असते. लहान कंपन्यांचे मेल सर्व्हर याच नोंदीसाठी आठवडेच्या आठवडे रखडतात, कारण कॉल सेंटरवरच्या मुलाला पीटीआर म्हणजे काय ते माहीत नसतं. पैसे देण्याआधी इंटरनेटवाल्याकडून हे लेखी घ्या.

क्लाउडवर ठेवायचं म्हटलं तर वेगळी अडचण. सर्व्हर ते सर्व्हर मेल २५ क्रमांकाच्या पोर्टवरून जातो, आणि गूगल क्लाउड ते पोर्ट बाहेरच्या दिशेने बंद ठेवतं, मायक्रोसॉफ्टचं ॲझुर बहुतेक ग्राहकांना बंद ठेवतं, ॲमेझॉन विनंती केल्याशिवाय मोकळं करत नाही.

त्यानंतर तीन नोंदी. एसपीएफ म्हणजे आमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायचा हक्क कुठल्या सर्व्हरांना आहे त्याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. डीमार्क म्हणजे या दोन्हींत नापास झालेल्या मेलचं काय करावं याची समोरच्याला सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी हे सक्तीचं केलं : प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक हवंच, आणि जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला तिन्ही हवेत. स्पॅम म्हणून तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली राहिलं पाहिजे.

एसपीएफमध्ये हमखास होणारा घोळ असा. मेलवाल्याने एक नोंद घातलेली असते. पुढे टॅलीतून थेट इन्व्हॉइस पाठवायचे म्हणून दुसरा एक सल्लागार येतो, तो दुसरी एसपीएफ नोंद घालून जातो. एका डोमेनला एकच नोंद चालते. दोन दिसल्या की समोरचा सर्व्हर दोन्ही बाद धरतो. त्या एकाच नोंदीत सगळ्यांची नावं गुंफावी लागतात, आणि तीही मर्यादित, कारण ती तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्या करायला लागल्या तरी ती नापास होते.

हे सगळं जमत नसेल, तर एक मधला मार्ग आहे आणि तो कमीपणाचा नाही. आपला सर्व्हर मेल घेईल, साठवेल, ऑफिसातल्या ऑफिसात पोचवेल. बाहेर जाणारा मेल मात्र ज्याचा पत्ता नावाजलेला आहे अशा रिले सेवेच्या हाती देईल. पोस्टफिक्समध्ये ही एका ओळीची आणि एका पासवर्डची गोष्ट आहे. शॉप फ्लोअरवरच्या जुन्या झेरॉक्स मशीनला स्कॅन करून मेल पाठवायचा असतो आणि त्याला नव्या सुरक्षित पद्धती कळत नाहीत, त्यासाठीही आतला एक छोटा पोस्टफिक्स फार उपयोगी पडतो. पूर्ण मेल गूगलवर असलेल्या कंपन्यांतही मी तो ठेवतो.

मशीन कुठे ठेवायचं

ऑफिसात, की डेटा सेंटरमध्ये? नवी मुंबईत हा प्रश्न बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा सोपा आहे, कारण ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात देशातली मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. त्यांच्या किंवा त्यांच्यात जागा घेतलेल्या लहान कंपन्यांच्या आभासी मशीनचं महिन्याचं भाडं ऑफिसातल्या यूपीएसच्या बॅटऱ्यांपेक्षा फार नसतं. मी डेटा सेंटरच सुचवतो.

तरी ज्यांना मशीन डोळ्यांसमोर हवं, त्यांच्यासाठी एक दिलाशाची गोष्ट. देखभालीसाठी दिवसभर वीज गेली आणि सर्व्हर बंद पडला, तर आलेले मेल हरवत नाहीत. पाठवणारा सर्व्हर ते आपल्या रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्सची मूळ मुदत पाच दिवसांची आहे. शुक्रवारचे मेल शनिवारी येतील. टेंडरची वेळ मात्र थांबत नाही, तेवढं ध्यानात ठेवायचं.

कायद्याची बाजूही विसरू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. लिनक्सवर मेलचे लॉग साधारण काही आठवड्यांतच आपोआप पुसले जातात. ते सेटिंग विक्रेत्याने बदललं का, हे विचारा.

मग घ्यायचं काय

नौपाड्यातल्या सहा-आठ माणसांच्या सीए ऑफिसने स्वतःचा सर्व्हर टाकू नये. वाचणारे पैसे एका बिघाडात जातात, आणि तो बिघाड रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यातच होतो. भाड्याचा मेलबॉक्स घ्या.

फक्त वेबसाइटवरून किंवा ॲपमधून ओटीपी आणि पावत्या पाठवायच्या असतील, तर मेलबॉक्स लागतच नाहीत. एकटं पोस्टफिक्स आणि मागे रिले सेवा, बस्स.

साठ-सत्तर माणसांच्या कारखान्यात बहुतेकदा असं दिसतं, की मालक, विक्री आणि खरेदीची दहा-बारा माणसं मेलवर जगतात, बाकीच्यांना दिवसाला चार मेल येतात. तिथे एकच डोमेन दोन ठिकाणी विभागावं. त्या दहा-बाराजणांचे मेलबॉक्स भाड्याचे, बाकीच्यांचे स्वतःच्या मेलकाउवर. या मांडणीत पोस्टफिक्सला कुठला पत्ता कुठे राहतो हे नीट सांगावं लागतं, नाहीतर मेल दोन सर्व्हरांत टोलवले जातात. पण एकदा घडी बसली की बिल निम्म्याच्या खाली येतं आणि कोणाची कुरकुरही राहत नाही.

दोनशेच्या वर माणसं आणि घरात पगारी लिनक्स जाणकार असेल, तर सुटं पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट. तो जाणकार एक्झिम जाणत असेल तर एक्झिम. या टप्प्यावर सॉफ्टवेअरमधल्या फरकापेक्षा त्याच्या हाताची सवय जास्त मोलाची. एक्सचेंजचा विचार तेव्हाच, जेव्हा ॲक्टिव्ह डिरेक्टरी आधीच आहे, कॅलेंडरवाचून काम अडतं आणि डेटा बाहेर ठेवायला ग्राहकाची किंवा नियामकाची मनाई आहे.

कोटेशनवर सही करण्याआधी विक्रेत्याला एक प्रात्यक्षिक मागा. चाचणीच्या मेलबॉक्समधला एक फोल्डर पुसायला लावा आणि बॅकअपमधून परत आणून दाखवायला सांगा. किती वेळ लागला ते घड्याळात बघा. आणि डोमेनची नोंदणी कोणाच्या नावावर आहे, त्याचं लॉगिन कोणाच्या मोबाइलवर ओटीपी मागतं, हे त्याच दिवशी तपासा. ते सोडून गेलेल्या डिझायनरच्या नंबरवर असेल, तर आधी ते सोडवा, सर्व्हरची ऑर्डर त्यानंतर द्या.